सेवक म्हणवणारा पुढारी आणि त्याला ‘नाही’ म्हणू शकणारी मंडळी

पायवाट

मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघासमोर ‘नम्रता आणि सेवाभावी नेतृत्व’ यावर बोलायचं आहे. विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे योहान १३ उभा राहतो, म्हणजे बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तो अध्याय, ज्यात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो: कमरेला रुमाल, घंगाळात पाणी, शिष्यांचे मळलेले पाय. माझ्याही राहिला. पण समोर बसणाऱ्या पोरांनी हे लहानपणापासून ऐकलंय. त्यांना पाय धुण्याचं कौतुक नको आहे, मंडळीत पदावरून रुसवेफुगवे का होतात याचं उत्तर हवं आहे. तयारीच्या निमित्ताने काही गोष्टी इथे मांडतो. पटणार नाही तिथे बिनधास्त खोडा.

पाय धुऊन झाल्यावर येशू वस्त्रं अंगावर चढवतो, जागेवर येऊन बसतो आणि म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच आहे, कारण मी तो आहेच. ‘मी कोण, मी तर कुणीच नाही’ असं तो म्हणत नाही. मान खाली, आवाज हळू, ‘छे छे, माझं कसलं योगदान’ अशी जी नम्रता आपण ओळखतो, तिचा इथे मागमूस नाही. अधिकार जागच्या जागी आहे. तो कुणाच्या कामी येतो, ते बदललंय.

आता वेळ पाहा. लूक २२ प्रमाणे ‘आपल्यात मोठा कोण’ हा वाद शिष्यांमध्ये त्या शेवटच्या भोजनाच्या वेळीच झाला. इतका काळ सोबत राहून, सगळी शिकवण ऐकून, शेवटच्या रात्रीही रांगेत पुढे कोण हाच प्रश्न! मार्क १० मध्ये जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान उजवी-डावी जागा मागतात (मत्तयात हीच मागणी त्यांची आई करते, आईला पुढे करण्याची युक्ती जुनीच दिसते) आणि बाकीचे दहा जण चिडतात. ते दहा जण नम्र होते म्हणून चिडले, असं मला वाटत नाही. आपला नंबर हुकला म्हणून चिडले.

त्यावर येशू परराष्ट्रीयांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) राजांचं उदाहरण देतो. ते लोकांवर सत्ता गाजवतात, आणि लूक पुढे जोडतो, त्यांना ‘परोपकारी’ म्हणतात. इजिप्तच्या टॉलेमी घराण्यातल्या तिसऱ्या राजाच्या नावाला तर ही पदवीच चिकटलेली होती. म्हणजे सत्ता गाजवणाऱ्यालाही उपकारकर्ता म्हणवून घ्यायला आवडायचंच. ‘मी सेवा करतो’ हे पुढाऱ्याचं म्हणणं तेव्हाही पुरावा नव्हतं, आजही नाही.

माझं मत असं बनलंय की पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर नम्रता शोधूच नये. त्याच्या हाताखालच्या माणसाला विचारावं: तू यांना नाही म्हणू शकतोस का? आणि म्हटलंस तर नंतर तुझं काय होतं?

मेणबत्ती

शेवटचा प्रश्न आवडला. एक भर घालते.

पाय धुण्याचं काम त्या रात्री जगात पहिल्यांदा झालं, अशा थाटात आपण बोलतो. ते काम रोज होतच होतं. १ शमुवेल २५ मध्ये अबीगईल म्हणते, मी माझ्या स्वामीच्या चाकरांचे पाय धुणारी दासी होईन. लूक ७ मधली ती स्त्री येशूचे पाय आसवांनी भिजवते. योहानाच्याच १२व्या अध्यायात, म्हणजे अगदी आदल्या प्रकरणात, बेथानीची मरीया त्याच्या पायांना सुगंधी तेल लावून केसांनी पुसते, आणि हा पैसा वाया गेला म्हणून यहूदा (येशूला पुढे धरून देणारा शिष्य) कुरकुर करतो. पुढे १ तीमथ्य ५ मध्ये विधवांची नावं यादीत घेण्याच्या अटींमध्ये ‘पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत’ ही एक अट आहे.

काम जुनंच आणि करणारे हात बहुतेक बायकांचे नि दासांचे. नवं एवढंच की या वेळी गुरू उठला. पोरांना हे जरूर सांगा, कारण ज्यांना हे काम करावंच लागतं त्यांच्याबद्दल आपली प्रवचनं गप्प असतात.

तिरपागडा

मी श्रद्धाळू नाही, पण धागा वाचतोय. एक शंका. वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी (शेवटच्या भोजनाच्या आठवणीच्या दिवशी), चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुवायचे आणि उरलेले दिवस हुकूम सोडायचे, यात सेवा किती आणि नाटक किती?

इंग्लंडचे राजे-राण्याही पवित्र गुरुवारी गरिबांचे पाय धूत. पहिल्या एलिझाबेथच्या काळचं वर्णन मजेदार आहे. राणी येण्याआधी धोबीखान्यातल्या माणसांनी गरीब बायकांचे पाय कोमट पाण्याने आणि फुलांनी धुतले, मग दानाधिकाऱ्याच्या दुय्यमाने धुतले, मग खुद्द दानाधिकाऱ्याने धुतले आणि शेवटी महाराणींनी. चौथ्यांदा धुतलेल्या पायात मळ काय उरणार? पुढे ते धुणंही गेलं, नाणी वाटणं तेवढं राहिलं.

शिळाप्रेस

तिरपागडा यांना माझ्याकडून आणखी दारूगोळा. इ. स. ६९४ मध्ये तोलेदोच्या सतराव्या धर्मसभेला असा नियम करावा लागला की बिशप आणि धर्मगुरूंनी पवित्र गुरुवारी आपल्या हाताखालच्यांचे पाय धुतलेच पाहिजेत, नाहीतर बहिष्कार. नियम करावा लागला, याचा अर्थ हे लोक टाळत होते.

पण याच परंपरेत दुसरी एक धार आहे, तिच्याकडे बघायला हवं. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टची मठासाठीची नियमावली घ्या. तिच्या ३५व्या प्रकरणात स्वयंपाकघराच्या पाळ्या आहेत. आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात अडकलेला सोडला तर कुणालाही सुटका नाही. आठवडा संपला की जाणारा आणि येणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. पुसायचे कपडे धुऊन, भांडी स्वच्छ आणि धडकी मोजून भांडारप्रमुखाकडे परत द्यायची. दर आठवड्याला, ओळीने, भांड्यांच्या हिशेबासकट. इथे नाटकाला जागाच राहत नाही, कारण बघायला कुणी येत नाही.

नेतृत्वाबद्दल त्याच नियमावलीत तीन गोष्टी आहेत. महत्त्वाचा निर्णय असेल तर मठाधिपतीने सगळ्या बंधूंना बोलवावं, अगदी धाकट्यालाही, कारण चांगला मार्ग देव पुष्कळदा धाकट्यालाच दाखवतो (प्रकरण ३, निर्णय मात्र मठाधिपतीचाच, हेही खरं). मठाधिपतीने लक्षात ठेवावं की त्याचं काम मिरवण्याचं नाही, लोकांचं भलं करण्याचं आहे (प्रकरण ६४). आणि माझं सर्वांत आवडतं, प्रकरण ६१: बाहेरून आलेल्या पाहुण्या संन्याशाने मठात काही खोट काढली, तीही नीट आणि प्रेमाने, तर मठाधिपतीने ती विचारात घ्यावी, कारण कदाचित प्रभूने त्याला त्याचसाठी पाठवलं असेल.

पाहुण्याने आपल्या घरातली खोट काढली तर आपण काय करतो, ते आठवून बघा.

तिरपागडा

पाळ्या आणि हिशेब हे मला कळतं. भावना कळत नाहीत. :)

दवबिंदू

थोडं वेगळं. आमच्या ऑफिसात ‘सर्व्हंट लीडरशिप’ची शिबिरं होतात. ती कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थाची. हे अनेक वर्षं एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत होते आणि १९७० मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. स्वतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, पण निबंधाची ठिणगी पडली हेर्मान हेसच्या एका कादंबरीतल्या लिओ नावाच्या नोकरामुळे. त्यांनी दिलेली कसोटी पायवाट यांच्या प्रश्नाच्या जवळ जाते: ज्यांची सेवा होते ती माणसं वाढतात का? जास्त शहाणी, जास्त मोकळी होतात का?

शिबिरात मात्र ही कसोटी कुणी लावत नाही. मॅनेजर सगळ्यांना चहा देतो, फोटो निघतो, संपलं.

पायवाट

दवबिंदू, कसोटी चांगली आहे, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. ऑफिसातलं सेवाभावी नेतृत्व शेवटी परिणामासाठी असतं: माणसं खूश, काम जास्त. योहान १३ मध्ये परिणामाचा हिशेब साफ चुकतो. यहूदा अजून तिथेच बसलेला आहे, तो उठून बाहेर जातो ३०व्या वचनात. त्याचेही पाय धुतले गेले. पेत्राचेही, आणि तोही त्याच रात्री येशूला नाकारणार आहे. व्यवस्थापनाच्या नजरेने ही साफ वाया गेलेली गुंतवणूक. म्हणून ‘सेवा करा, लोक तुमच्या मागे येतील’ हे सूत्र मी पोरांना देणार नाही. सेवा करूनही लोक विकून टाकतात, हे त्या कथेतच आहे.

रानजाई

सगळं छान चाललंय, पण मला बोचणारी गोष्ट कुणी काढलेली नाही म्हणून काढते. चर्चमध्ये नम्रतेचा उपदेश कुणाला होतो? वरच्यांना क्वचितच. सून, नवी विश्वासू, धाकटा सेवक, झाडलोट करणारी, गायनमंडळातल्या मुली, यांना. ‘नम्र हो, सोसून घे, प्रभूने सोसलं.’ नेतृत्वावर बोलताना उदाहरणं पुढाऱ्यांची, आणि शिस्त मात्र खालच्यांना.

फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचा. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केलं. ज्याच्याकडे काही आहे, तो रिक्त होतो. ज्या बाईला कधी कुणी विचारलंच नाही, तिला ‘स्वतःला रिक्त कर’ सांगणं म्हणजे काय? व्हॅलरी सेव्हिंग या अभ्यासिकेने १९६० मध्येच एका निबंधात हा मुद्दा मांडला होता: पापाचं मूळ गर्व, आणि उपाय स्वतःला विसरणं, ही व्याख्या पुरुषांच्या अनुभवातून आलेली आहे, पुष्कळ बायकांचा मोह उलटा असतो, स्वतःपण इतरांत विरघळवून टाकण्याचा. त्यांच्यावर त्याच औषधाचा आणखी डोस दिला तर आजार वाढतो.

येशूची आई मरीया हिचं गीत (लूक १) आपण ख्रिस्तजन्माच्या दिवसांत गातो, त्यात सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं आहे आणि दीनांना उंच केलं आहे. दीनांना आणखी खाली जा म्हणून सांगितलेलं नाही.

मेणबत्ती

रानजाई +१.

जुनापुराणा

रानजाई ताई, थोडा मतभेद नोंदवतो. फिलिप्पैकरांस पत्र सगळ्या मंडळीला लिहिलेलं आहे, फक्त अध्यक्षांना नाही. ‘लीनतेने एकमेकांना श्रेष्ठ माना’ हे सगळ्यांसाठी आहे. नम्रता वरच्यांपुरती ठेवली तर खालचा माणूस वर जाईल तेव्हा काय शिकून जाणार? ज्याने कधी नमून पाहिलं नाही तो खुर्चीवर बसल्यावर नमेल, हे मला अवघड वाटतं.

रानजाई

‘एकमेकांना’ हा शब्द तुम्हीच लिहिलात, दादा. एकतर्फी असेल तर ती लीनता नव्हे, गुलामी. दोन्हीकडून असेल तर माझा काहीच वाद नाही.

जुनापुराणा

मान्य. तेवढं मी आधीच लिहायला हवं होतं.

प्रश्नचिन्ह

नाव न घेता सांगतो. मी ज्या मंडळीत पूर्वी जात होतो तिथले पाळक प्रत्येक वाक्यात ‘मी प्रभूचा नालायक दास’ म्हणायचे. साधे कपडे, साधं बोलणं, स्वतः खुर्च्या मांडायचे. पण वार्षिक हिशेब मागितला की उत्तर एकच: ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’ विचारणाऱ्याचं नाव पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये यायचं, ‘या बंधूच्या मनातला कडवटपणा जावो’ म्हणून. सगळी मंडळी डोळे मिटून आमेन म्हणायची. याला काय म्हणायचं?

पायवाट

प्रश्नचिन्ह, त्या वचनाचं उत्तर वचनातच आहे. ते स्तोत्र १०५ मधलं. तिथे अभिषिक्त कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब. मूठभर, परदेशी, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात भटकणारे. आणि ताकीद कुणाला? आधीचंच वचन बघा: देवाने त्यांच्यासाठी राजांना धमकावलं. दुबळ्यांना सत्ताधाऱ्यांपासून वाचवणारं वचन सत्ताधाऱ्याने दुबळ्यांना गप्प करायला वापरायचं, ही उलटी गंगा झाली.

दुसरा आधार म्हणून दावीद आणि त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल यांची गोष्ट सांगतात. दावीदाने अभिषिक्तावर हात उचलला नाही, खरं आहे. पण १ शमुवेल २४ पुढे वाचा. गुहेतून बाहेर येऊन, शौलाच्या वस्त्राचा गुपचूप कापलेला काठ हातात धरून, तो शौलाला मोठ्याने त्याची चूक ऐकवतो आणि परमेश्वर तुझा-माझा न्याय करो म्हणतो. तलवार नाही चालवली, तोंड मात्र बंद ठेवलं नाही. आणि पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना नाथान संदेष्ट्याने ‘तूच तो मनुष्य’ म्हणून त्याला तोंडावर सुनावलं. दावीदाने नाथानाचं नाव प्रार्थनेच्या यादीत टाकलं नाही. ‘मी पाप केलं’ म्हणाला.

हिशेबाचं म्हणाल तर २ करिंथ ८ उघडा. यरुशलेमेच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना प्रेषित पौल एकटा पैसे घेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो आणि कारण स्पष्ट लिहितो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही चोख असावं म्हणून. पौलाला चालतं तर आपल्या पाळकांना का चालू नये?

प्रश्नचिन्ह

२ करिंथ ८ कधी या नजरेने वाचलं नव्हतं. आभार.

शिळाप्रेस

प्रश्नचिन्ह यांनी सांगितलं ते अपवादात्मक नाही, उलट हाच सर्वांत धोकादायक प्रकार आहे. उद्धट पुढारी ओळखू येतो. नम्र दिसणारा ओळखू येत नाही.

याचं सर्वांत दुःखद उदाहरण जाँ व्हानिए. १९६४ मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी लार्श ही चळवळ सुरू केली. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि त्यांचे सोबती एका घरात राहतात, आणि एकमेकांचे पाय धुणं हा त्या घरांच्या जीवनाचा भाग आहे. जगभर व्हानिएंकडे जिवंत संत म्हणून पाहिलं जायचं. २०१९ मध्ये ते वारले. २०२० मध्ये लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल आला: निदान सहा स्त्रियांशी त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून शोषणाचे संबंध ठेवले होते. २०२३ च्या सविस्तर अहवालात हा आकडा निदान २५ झाला. (यातल्या स्त्रिया अपंगत्व असलेल्या नव्हत्या, हे अहवालांनी नोंदवलं आहे.)

‘म्हणजे सगळं ढोंग’ असा निष्कर्ष मी काढत नाही. ती घरं खरी आहेत, तिथली माणसं खरी आहेत. पण साधेपणा, दुबळ्यांसोबत राहणं, मृदू आवाज, पाय धुणं, सगळं असूनही त्या माणसाला खासगीत प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. उलट त्या साधेपणानेच प्रश्न विचारणं अशक्य केलं. संस्थेने बाहेरच्या लोकांकडून चौकशी करवून तिचा निष्कर्ष जगापुढे ठेवला, माझ्या लेखी त्या सगळ्या प्रकरणातली खरी नम्र कृती ती.

जुनापुराणा

हे वाचून सुन्न झालो. पण शिळाप्रेस, या न्यायाने प्रत्येक साध्या माणसाकडे संशयानेच बघायचं का?

शिळाप्रेस

संशय नको. व्यवस्था हवी. चांगला माणूस हिशेब दाखवायला लाजत नाही, आणि वाईट माणसाला हिशेबाशिवाय ओळखता येत नाही. चर्चच्या इतिहासात ही खूणगाठ फार उशिरा बांधली गेली. पोप पहिला ग्रेगरी (५९० ते ६०४) बघा. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या मुख्य बिशपने, ‘सार्वत्रिक’ ही पदवी लावली म्हणून तो नाराज होता आणि स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवून घेत होता. ग्रेगरीच्या बाबतीत ते प्रामाणिक होतं असं मी मानतो. पण पदवी पुढे परंपरेने आली. १३०२ मध्ये आठव्या बोनिफेसने जे फर्मान काढलं, की तारणासाठी प्रत्येक मानवाने रोमच्या पोपच्या अधीन असणं आवश्यक आहे, त्याचीही सुरुवात ‘बोनिफेस, बिशप, देवाच्या सेवकांचा सेवक’ अशीच आहे. पाटी तीच, दुकान वेगळं.

तिरपागडा

हाहा, शेवटचं वाक्य चोरतोय.

मग अलीकडच्या काळातलं काय? पोप फ्रान्सिसने तुरुंगात जाऊन पाय धुतले ते कुठल्या खात्यात टाकायचं?

शिळाप्रेस

२०१३ च्या पवित्र गुरुवारी रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या आणि मुस्लिमही होते. नियमाप्रमाणे तेव्हा फक्त पुरुषांचे धुवायचे होते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढचं: जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला आणि स्त्रियांना समाविष्ट करायला परवानगी मिळाली. नुसता फोटो असता तर नियम तसाच राहिला असता. २०१९ मध्ये दक्षिण सुदानच्या भांडणाऱ्या नेत्यांपुढे गुडघे टेकून त्यांच्या पायांचं चुंबन घेतलं, तेव्हा मात्र मला संमिश्र वाटलं. त्या युद्धात ज्यांची घरं जळली त्यांचे पाय कुणी धुवायचे, हा प्रश्न राहतोच.

रानजाई

संमिश्र नाही, मला तेव्हा रागच आला होता. पण ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला वाकताना पाहून बोलवत नव्हतं.

मेणबत्ती

धागा थोडा पोपांकडे वळलाय, मी पुन्हा बायबलकडे नेते. नेतृत्वावर बोलताना बर्णबा कुणालाच आठवत नाही, तो पोरांना सांगा.

यरुशलेमेत शौलाला (पुढचा पौल, राजा शौल नव्हे) सगळे घाबरत होते तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेलं. अंत्युखियात काम वाढलं तेव्हा तार्सला जाऊन त्याला शोधून आणलं. प्रेषितांची कृत्ये १३ च्या सुरुवातीला नावं येतात ती ‘बर्णबा व शौल’ अशी. त्याच अध्यायात, कुप्र बेट सोडल्यावर, ‘पौल व त्याचे सोबती’, आणि मग ‘पौल व बर्णबा’. अधूनमधून जुना क्रम परत येतो, पण गाडी पौलाच्या हातात गेलेली आहे. ज्याला आपण आणलं तो आपल्या पुढे गेला, यावर बर्णबाची एक तक्रार लूकने नोंदवलेली नाही. भांडण झालं ते नंतर, आणि तेही स्वतःच्या जागेवरून नाही. योहान मार्क या पोराला दुसरी संधी द्यायची की नाही, यावरून. आणि तिथे बर्णबा हटला नाही, पौलापासून वेगळा झाला. नम्र माणूस भांडतच नाही हा समज तिथे मोडतो.

तसाच मोशे. गणना ११ मध्ये एलदाद आणि मेदाद छावणीतच संदेश द्यायला लागतात, एक तरुण धावत येऊन ते सांगतो, आणि मोशेचा मदतनीस यहोशवा म्हणतो, ‘स्वामी, त्यांना थांबवा’. मोशे म्हणतो, तू माझ्यासाठी हेवा करतोस का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं! आणि लगेच पुढच्या अध्यायात तो पृथ्वीवरचा सर्वांत नम्र मनुष्य असल्याचं म्हटलंय. एका पाठोपाठ येतं ते उगाच नसावं.

जुनापुराणा

आणि गलतीकरांस २. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांसोबत जेवत होता, यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहूदी माणसं आली तसा मागे सरला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला फटकारलं. पेत्राने उत्तर काय दिलं ते लिहिलेलं नाही, पण पेत्राच्या दुसऱ्या पत्रात ‘आपला प्रिय बंधू पौल’ असा उल्लेख आहे.

तिरपागडा

ते पत्र पेत्राने लिहिलं का यावर विद्वानांत वाद आहे ना?

जुनापुराणा

आहे. पण ज्याने कुणी पेत्राच्या नावाने लिहिलं, त्यालाही पेत्राच्या तोंडी हेच शोभेल असं वाटलं, हेही काही कमी नाही.

काठावरची

बराच वेळ नुसती वाचतेय, आता विचारतेच. मला आमच्या मंडळीच्या पंच कमिटीत घेण्याचा आग्रह चाललाय. मी ‘मी त्या लायकीची नाही’ म्हणून टाळतेय. घरचे म्हणतात ही नम्रता. मला स्वतःला वाटतं, निम्मी भीती आहे आणि निम्मा आळस. अशा वेळी काय करावं?

शिळाप्रेस

ग्रेगरीनेच यावर नेमकं लिहिलंय. पाळकांच्या कर्तव्यांवरच्या त्याच्या ग्रंथात तो यशया आणि यिर्मया शेजारी ठेवतो. यशया म्हणतो, मी आहे, मला पाठव. यिर्मया म्हणतो, मी तर बाळ आहे, मला बोलता येत नाही. दोन्ही प्रेमापोटीच, असं तो म्हणतो. एकाला लोकांना उपयोगी पडायचं होतं, दुसऱ्याला देवाच्या चिंतनात राहायचं होतं. पण यशया आधी शुद्ध झाला आणि यिर्मयानेही शेवटपर्यंत नकार ताणला नाही. ज्याच्याकडे देणगी आहे आणि जो निव्वळ आपल्या स्वस्थतेसाठी मागे राहतो, त्याच्या नकाराला ग्रेगरी नम्रता म्हणायला तयार नाही.

ऑगस्टिनला तर ३९१ मध्ये हिप्पोच्या लोकांनी धरूनच धर्मगुरू केलं; तो रडत होता. पुढे बिशप झाल्यावर एका प्रवचनात म्हणाला, तुमच्यासाठी मी बिशप आहे, तुमच्यासोबत मी ख्रिस्ती आहे. पहिल्याची मला धास्ती वाटते, दुसऱ्याने धीर येतो.

रानजाई

काठावरची, जा. कमिटीत बाई नसल्यावर बाईंबद्दलचे निर्णय कोण घेतं ते तुला माहीत आहेच. फक्त तोंडदेखली म्हणून घेतायत का, ते आधी बघ.

पायवाट

रानजाई यांच्याशी सहमत. एक सुचवतो: होकार देताना अटी घाला. मुदत ठरवून घ्या आणि हिशेब वर्षातून दोनदा मंडळीसमोर वाचला जाईल हे लिहून घ्या. पेत्राची अडचण सेवा करण्याची नव्हती, करून घेण्याची होती, ‘माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत’ म्हणाला. कमिटीतल्या माणसालाही कुणीतरी तपासणं, सुधारणं, मदत करणं हे घ्यावं लागतं. काही मंडळ्यांमध्ये, उदाहरणार्थ ॲडव्हेंटिस्टांमध्ये, प्रभुभोजनाआधी जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. दोघांनाही धुवावे लागतात आणि दोघांनाही धुऊन घ्यावे लागतात.

काठावरची

मुदतीची अट आवडली. तीन वर्षं म्हणते, त्यानंतर सलग दुसऱ्यांदा नाही. हिशेबाचं लिहून घेते. बघू, यावर काय तोंडं होतात ते.

तिरपागडा

तीन वर्षांनी खुर्ची सोडताना इथे येऊन सांगा. सोडली नाहीत तर आम्ही धागा वर काढूच.